जुन्या कॉम्प्युटरवरचा पहिला दात

आमचे हे दात बनवतात. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, म्हणून सांगून टाकते, माझे सगळे माझेच आहेत. तोंडात दात बसवतो तो डॉक्टर. पण बसवायच्या आधी तो कुणीतरी घडवलेला असतो, आणि आमच्या भागात तो कुणीतरी म्हणजे हे. घराच्या मागच्या खोलीत चौतीस वर्षं हे काम चाललंय. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, कोपऱ्यात छोटी भट्टी आणि सगळ्यावर पांढरी धूळ. ती यांच्या भुवयांतही असते. लग्न ठरायच्या वेळी माझ्या काकांनी हळूच चौकशी केली होती की मुलगा नक्की किती वर्षांचा आहे. वय बरोबर होतं, भुवयांत प्लास्टर होतं.

मी शाळेच्या कचेरीत नोकरी केली, त्यामुळे माझा सगळा जीव घड्याळात. राग आला की तो तिथल्या तिथे येतो आणि तिथल्या तिथे जातो. यांना राग येतो तेव्हा हे हातातला दात जरा जास्त वेळ घासतात. बाकी काही नाही.

मी निवृत्त झाल्यापासून तयार दात डब्यांत घालून दवाखान्यांत पोचवायचं काम माझ्याकडे आहे. आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच दवाखान्यातून येतं. तिथल्या डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या, वडिलांचा दवाखाना पुढे चालवतात. गेल्या वर्षी एका सकाळी त्यांनी मला बसवून घेतलं आणि पाणी दिलं. पाणी दिलं म्हणजे काहीतरी आहे, हे मी ओळखलं. त्या म्हणाल्या, महिन्याभराने पेशंटच्या तोंडात लगदा भरून साचा घेणं बंद करणार. पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवायचा की जबड्याची फाइल तयार होते. ती कॉम्प्युटरवर उघडायची आणि दाताचा आकार तिथेच द्यायचा. मग दुसरीकडे यंत्रावर पांढऱ्या ठोकळ्यातून तो दात कोरून मिळतो, त्याला रंग आणि चकाकी फक्त हाताने द्यायची. दात बनवणाऱ्या एका मोठ्या लॅबचा माणूस येऊन गेला होता. पण काकांना जमणार असेल तर मला काकाच हवेत, असं त्या म्हणाल्या. बोलल्या गोडच, पण मला कळायचं ते कळलं. यांना जमलं नाही तर मागची खोली बंद होणार होती.

पोटापाण्याची काळजी नव्हती, माझं पेन्शन आहे. काळजी वेगळीच होती. एकोणसाठाव्या वर्षी काम हातातून गेलेले हे मला डोळ्यांसमोर आणवेनात. घरी येऊन मी सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं, टेबलावरचा एक दात बराच वेळ घासला आणि म्हणाले की ती फाइल बघू तरी कशी असते.

आमच्याकडे कॉम्प्युटर होता. लेकीच्या कॉलेजच्या वेळचा, अकरा वर्षांचा, बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात बसलेला. त्यावर हे बिलं बनवायचे आणि दुपारी बुद्धिबळात त्याच्याकडून हरायचे. डॉक्टरीणबाईंनी मेलने एक जबडा नमुना म्हणून पाठवला, दात घडवायचा प्रोग्रॅम कुठून घ्यायचा तेही कळवलं. यांनी फाइल उघडली. पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं. मी कपडे वाळत घालून आले तरी चक्र आपलं फिरतंच होतं. अखेर जबडा दिसला. यांनी तो आतल्या बाजूने बघायला जरासा वळवला आणि कॉम्प्युटरने हात टेकले. तो बंद करून पुन्हा चालू करावा लागला.

लेक फोनवर म्हणाली, बाबा, तो डबा टाका, मी नवा घेऊन देते. तिने हप्त्यांवर घर घेतलेलं, आणि हिने आम्हाला कॉम्प्युटर द्यायचा? हे नको म्हणाले. माझ्या एका महिन्याच्या कमाईत जे बसेल तेवढंच करायचं, त्यापुढे नाही, असं यांनी तिला सांगून टाकलं. आणि वर आपला धंद्यातला हिशेब ऐकवला की ज्याची मुळं घट्ट आहेत तो दात उपटायचा नसतो, आधी दुखतंय कुठे ते शोधायचं. पोरगी हसली, मी नाही हसले. एक महिना होता आणि हे शोधायला बसले होते.

शोधलं मात्र खरोखर. चार दिवस हे वही घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. फाइल उघडायची, आणि कॉम्प्युटरच्या आत काय किती भरलंय ते दाखवणारी खिडकी शेजारी ठेवायची. मेमरी केव्हा भरली, डिस्कचा दिवा केव्हापासून जळतोय, सगळं वेळेसकट लिहायचं. ती वही घेऊन हे बघूशेठच्या दुकानात गेले. बघूशेठ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. काहीही विचारा, उत्तराची सुरुवात 'बघू' अशी होते, म्हणून सगळे त्याला बघूशेठ म्हणतात. तो म्हणाला, बघू, पण पडद्यावर असलं चित्र फिरवायला आधी मोठं ग्राफिक्स कार्डच लागतं. यांनी वही उघडून दाखवली. कार्डाचा नंबर यायच्या आधीच मेमरी भरून जात होती आणि मग सगळा भार त्या जुन्या फिरत्या डिस्कवर पडत होता. बघूशेठने वही दोनदा वाचली. मग त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या मशीनमधून काढलेल्या, तपासलेल्या मेमरीच्या चार पट्ट्या दिल्या आणि फिरत्या डिस्कऐवजी एक एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, दिली. मी बसवून देतो म्हणत होता. हे म्हणाले, मी बसवीन.

इथे घोटाळा झाला. पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं, तर पडदा काळा आणि आतून पीं पीं. यांनी त्या काढून पुसून पुन्हा बसवल्या. पुन्हा पीं पीं. दुसऱ्या दिवशी हे पट्ट्या घेऊन दुकानात गेले, खराब आहेत म्हणाले. बघूशेठने त्या आपल्या मशीनमध्ये घालून दाखवल्या, उत्तम चालल्या. घरी आणल्या, पुन्हा तेच. असे तीन दिवस गेले. माझा पारा चढला. नवा घ्या म्हणणाऱ्या लेकीचं ऐकायला काय झालं होतं, तुमच्या हट्टापायी खोली बंद होणार, असं बरंच बोलले. मग मीच तो कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घालून उचलला आणि यांना पुढे घालून दुकानात नेलं. माझं कंबरडं मोडलं, पण नेलं.

बघूशेठ म्हणाला, काका, कशा बसवता ते दाखवा. यांनी पट्टी दोन बोटांत धरली, खाचेवर ठेवली आणि अगदी हलक्या हाताने खाली टेकवली. बघूशेठने यांच्या हाताकडे बघितलं, मग आपला अंगठा ठेवून सगळा जोर लावला. कट्ट असा आवाज झाला. त्या आवाजाने हे दचकले.

"काका, याला दाबावं लागतं," तो म्हणाला.

"आमच्यात दाबत नाहीत," हे म्हणाले. "आपला आपण बसला नाही तर दातच चुकलेला असतो."

उरलेल्या तीन पट्ट्या यांनी स्वतः दाबल्या, डोळे मिटून. मला इतकं हसू आलं की राग कुठे गेला तेच कळलं नाही.

त्यानंतर फाइल भराभर उघडू लागली, पण जबडा वळवला की धक्के देत वळायचा. आता खरंच कार्डाची पाळी होती. बघूशेठने वापरलेलं पण चांगलं कार्ड शोधून दिलं, मात्र त्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय नवाच घ्यायला लावला, तिथे काटकसर करू नका म्हणाला. हे सगळं जेमतेम महिन्याच्या कमाईत बसलं. बसलं नाही ते कार्ड. दोन बोटं लांब. जुनी डिस्क ज्या लोखंडी पिंजऱ्यात असायची तो आडवा येत होता. नवं कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, घ्यायला आता काही उरलं नव्हतं.

पिंजरा कुठे किती आडवा येतो ते यांनी बोटांनी मोजलं. मग सगळे भाग काढून जेवणाच्या टेबलावर मांडले आणि रिकामा सांगाडा मागच्या खोलीत नेला. पिंजऱ्यावर पेन्सिलने रेघ मारली, दात घासायच्या मोटरला चकती लावली, धूळ ओढायचा पंखा चालू केला आणि दाताचं काम करावं तितक्या शांतपणे लोखंड कापलं. कापलेली कड घासून गुळगुळीतही केली. आत कोण बघणार आहे, असं मी विचारलं. हात लागला तर कापेल ना, हे म्हणाले. कार्ड बसलं. बटण दाबलं. यांनी माउस हलवला आणि जबडा वळला, आतून, बाहेरून, खालून, कुठे अडकला नाही. हे शाळकरी पोरासारखे दहा मिनिटं तो नुसता फिरवत होते. मी शेजारी उभी राहून बघत होते, आणि खरंच सांगते, फार बरं वाटलं.

महिना संपायला नऊ दिवस असताना डॉक्टरीणबाईंनी पहिलं खरं काम पाठवलं. पन्नाशीच्या एका बाईंचा वरचा पुढचा दात. प्रोग्रॅमने दोन मिनिटांत नीटनेटका दात सुचवला. मला वाटलं, झालं. पण हे त्याच्यावर दोन दिवस बसले. शेजारचा दात कडेला झिजलेला, किंचित आत वळलेला, म्हणून याचीही कड थोडी उतरवली, थोडा वळवला. मी म्हटलं, अहो, वेळ बघा, चांगला दात बिघडवताय कशाला? यांनी ऐकलं नाही. दात कोरून आला, यांनी रंग चढवले, भट्टीत घातला, काढला, पुन्हा घातला. मी डबा पोचवून आले.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, दोघंही या. दोघंही म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून निघाले. गेलो तर टेबलावर एक अनोळखी डबी होती, मोठ्या लॅबचं नाव छापलेली. आत तसाच एक दात.

"काका, खरं सांगते. हीच फाइल मी त्यांनाही पाठवली होती," त्या म्हणाल्या. "तुमचं होईल याची मला खात्री नव्हती."

मला संताप आला. तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी तो दात चिमट्याने उचलून खिडकीशी नेला, उजेडात फिरवून बघितला आणि छान केलाय म्हणाले. मनापासून म्हणाले.

"छानच आहे. आधी तोच लावून बघितला. त्या बाई म्हणाल्या, दात सुंदर आहे. मग तुमचा लावला. त्यांनी आरशात बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, या दातांतला नवा कुठला?"

यांनी हातातला दात परत डबीत ठेवला. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून पेशंटच्या खुर्चीतच बसले. माझा राग अर्धवटच राहिला, मला रडू आलं. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पाच जबड्यांचा पेनड्राइव्ह दिला. ने-आण करायचं काम माझं, म्हणून तो मी घेतला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.