दर बुधवारी बाबेल

लग्नानंतरचं पहिलं वर्षभर मी सासरी फारशी बोललेच नाही. आणि घरात न बोलणारं एखादं माणूस असलं, की सगळे किस्से त्याच्याकडेच येऊन साठतात, माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. माझ्याकडचे बहुतेक डबे बुधवारचे. बुधवारी संध्याकाळी आमच्या सासऱ्यांचा वर्ग असे.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. रत्नागिरीतच शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. शाळेनं इतिहास काढून घेतला, तेव्हा त्यांनी चर्चच्या मागच्या खोलीत भविष्य शिकवायला घेतलं. हात बघून सांगतात ते नव्हे, बायबलमधलं. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाला स्वप्नात एक प्रचंड पुतळा दिसतो. डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट पितळेचं, तंगड्या लोखंडी, आणि पावलं अर्धी लोखंडाची, अर्धी मातीची. डोकं म्हणजे बाबेल, त्याखाली पारस म्हणजे इराण, मग ग्रीक, मग रोम. शेवटी कुणाच्या हातानं न घडवलेला एक धोंडा येतो, पावलांवर आदळतो आणि सगळं भुईसपाट. राजे येतात, राजे जातात, इतिहासाची दोरी देवाच्या हातात. एवढं सांगायला कुणालाही एक संध्याकाळ पुरली असती. अण्णांना ते कित्येक वर्षं पुरलं होतं.

वर्गाला माणसं ठरलेली. शांतवनकाका, एसटीतले निवृत्त कंडक्टर. मार्थाबाई, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या चहा द्यायच्या म्हणून. मी आल्यावर मलाही वर्गात धरायला लागले.

त्याच सुमाराला चर्चला नवे पाळकसाहेब आले. तरुण, मोटारसायकलवाले. ते अण्णांना म्हणाले, "गुरुजी, तरुण मुलांना गाण्याच्या सरावाला खोली हवी आहे. तुमच्या वर्गाला माणसं कुठं येतात?"

"रोम अजून व्हायचंय," अण्णा म्हणाले.

पाळकसाहेब तसे भले. म्हणाले, "हंगामाच्या सणाला सगळ्या मंडळीसमोर तुमचा तो पुतळा समजेल असा करून दाखवा. लोकांना आवडलं तर वर्ग राहील. नाहीतर खोली गाण्याला."

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. आईंनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही, त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

*

पुतळ्याचं एक चित्र अण्णांनी कापडावर रंगवलेलं होतं, पुरुषभर उंच. चर्चच्या खोलीत ओल येते म्हणून ते घरी टांगलेलं असे. आणि घरात तेवढी मोकळी भिंत एकच होती. आमच्या खोलीतली.

लग्न होऊन आले, खोलीत पाऊल टाकलं, तर पलंगासमोर हा उभा. सोन्याचं डोकं, डोळे वटारलेले.

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"बाबेल," हे म्हणाले. नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसं.

"इथंच असतो?"

"वर्गाच्या दिवशी जातो."

बुधवारबद्दल मला तेव्हापासून एक वेगळीच ओढ वाटायला लागली.

*

वर्गात मी पहिल्यांदा तोंड उघडलं त्याची ही गोष्ट.

त्या दिवशी सकाळी आई मला म्हणाल्या, "आज ते कर."

"काय, आई?"

"काल माझ्या मनात होतं ते."

मी नगरकडची. मनात असलेलं ओळखण्याचा अनुभव नाही. मी आपली कुळथाची पिठी केली. आईंनी पातेल्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं, आणि म्हणाल्या, "बरं."

संध्याकाळी वर्गात अण्णा राजाच्या स्वप्नावर होते, जे शेवटी दानीएल संदेष्टा ओळखतो. "राजाचा हट्ट बघा. पंडितांना बोलावतो. स्वप्न काय पडलं ते सांगत नाही. म्हणतो, स्वप्नही तुम्हीच ओळखा आणि अर्थही सांगा, नाहीतर तुकडे करीन. सूनबाई, तू सांग, असं कुणी माणूस वागतं का?"

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात वागतात."

सगळे आईंकडे बघायला लागले. आईंनी चहा गाळून पुरा केला, गाळणी झटकली, आणि म्हणाल्या,

"त्या दानीएलाला बरं ओळखता आलं."

*

शांतवनकाकांचा प्रश्न दर बुधवारी एकच. "गुरुजी, ह्या सगळ्यात आपण कुठं येतो?"

"आपण म्हणजे?"

"आपण. हिंदुस्थान. रत्नागिरी. सगळ्या जगाचा पुतळा म्हणताय, मग आपला काहीतरी स्टॉप असेलच की."

अण्णा म्हणायचे की ही राज्यं तिकडची, आपला त्यात संबंध नाही. काकांना ते पटायचं नाही. पुतळ्यावरून काठी फिरत खाली गेली, की ते प्रत्येक ठिकाणी मान वर करून बघायचे. त्यांचा स्टॉप न घेताच गाडी पुढे जायची.

शेवटी एकदा अण्णांना शास्त्रात आधार सापडला. पारसाच्या राजाची सत्ता हिंदुस्थानापासून सुरू होत होती. त्या बुधवारी ते वर्गाला जवळजवळ धावतच गेले.

"शांतवन, पारस. म्हणजे चांदी."

काका उठून चित्राजवळ गेले. चष्मा वर केला. "म्हणजे आपण छातीत."

"अगदी छातीत नव्हे. राज्याच्या कडेला."

"छातीच्या कडेला काय असतं, गुरुजी?"

अण्णांनी काठी उगाचच खडूच्या डब्यावर आपटली. पण इतिहासाचा माणूस, खोटं बोलवेना. "काख."

काकांनी मान डोलावली. जागा मिळाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मार्थाबाई मात्र पदरानं मान पुसत होत्या. म्हणाल्या,

"तरीच बारा महिने इतका घाम."

*

मार्थाबाईंनी जन्मभर आजारी माणसं बघितलेली. त्यांच्यासमोर राजा असो की कुणी असो, तो आधी पेशंट.

गर्व झाला म्हणून देवानं बाबेलच्या राजाची बुद्धी काढून घेतली, तो रानात जाऊन बैलासारखा गवत खाऊ लागला, केस गरुडाच्या पिसांसारखे आणि नखं पाखरांच्या नखांसारखी वाढली, असं अण्णा सांगत होते. आवाज चांगलाच चढला होता.

"बायको कुठं होती?" मार्थाबाईंनी विचारलं.

"कुणाची?"

"राजाची. इतके दिवस माणूस गवत खातोय आणि घरातलं कुणी बघायला गेलं नाही?"

"मार्थाबाई, ही देवाची शिक्षा होती."

"शिक्षा असू दे. पोट बिघडलं असेल त्याचं."

"शास्त्रात तसं काही लिहिलेलं नाही."

"नसणारच," मार्थाबाई म्हणाल्या. "लिहिणारे पुरुष. निस्तरलं दुसऱ्याच कुणी असेल."

*

सणाच्या आधी वर्गाची तयारी पक्की व्हावी, म्हणून अण्णांनी आमची सहल काढली. लांब नाही, गावातच. ब्रह्मदेशच्या राजाचा वाडा बघायला. इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथं आणून ठेवलं, ते सगळ्या रत्नागिरीला माहीत आहे. अण्णांच्या मते राजे कसे उतरतात याचा ह्याहून चांगला पुरावा पुस्तकात मिळणार नाही.

फाटकावर पहारेकरी. म्हणाला, "सायब जेवायला गेलेत. आज आत सोडायचं नाय."

मग अण्णांनी फाटकाबाहेरच वर्ग सुरू केला. "बघा. ज्याच्या शब्दावर हत्ती हलायचे, त्याला देवानं उचललं आणि इथं आणून ठेवलं."

मार्थाबाई वाड्याकडे बघत होत्या. "एवढं मोठं घर. वरून खाडी दिसते. हाताखाली माणसं. ही शिक्षा?"

"राज्य गेलं त्याचं."

"माझ्याकडं राज्य नव्हतंच. तरी मला असं काही मिळालं नाही."

अण्णांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि बाबेलपासून पुन्हा सुरुवात केली. पहारेकरी स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. रोमपर्यंत आल्यावर त्यानं विचारलं, "गुर्जी, ह्यो इथला राजा मग माघारी कवा गेला?"

"गेला नाही. इथंच वारला."

पहारेकऱ्यानं मान हलवली. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस.

"म्हणजे बदली झालीच नाय म्हणा."

*

आता पुतळा. सणाला खरा पुतळा उभा करायचा आणि सगळ्यांसमोर धोंड्यानं पाडायचा, हे अण्णांनी ठरवलं. गावात माती घडवणारा हात एकच, दाजी मूर्तिकार. गणपती झाले होते, नवरात्र झालं होतं, दाजी मोकळे होते. चित्र बघून खूशही झाले.

"फक्त एक," अण्णा म्हणाले, "पावलं कच्ची ठेवायची. धोंडा लागला की कोसळला पाहिजे."

दाजींनी कप खाली ठेवला. "कोसळला पायजे?"

"हो. सगळ्यांसमोर."

"गुर्जी, माझा गणपती इसर्जनाला पाण्यातसुदा लवकर सुटत नाय. लोकं काठावर वाट बघत बसतात. आनि तुमी सांगता, चारचौघांत पाडा. पुढच्या साली माझ्याकडनं मूर्ती कोन नेईल?"

"दाजी, हे देवानं ठरवलेलं आहे."

"ठरवलेलं असंल. नाव माझं जातं."

शेवटी चहाच्या दुसऱ्या कपावर दाजी कबूल झाले. पुतळा आमच्याच परसात उभा राहायला लागला. मी चहा घेऊन जायची तेव्हा दिसायचं ते असं: पावलांत लोखंडी सळया, सळयांना तारेचे वेढे, मातीत कातरून घातलेला काथ्या, आणि दाजी पायानं ती माती मळतायत. मळतायत आणि मळतायत.

"दाजी, जरा जास्तच घट्ट होतंय का?"

"तुमी बगा फकस्त, वैनी."

वरच्या भागात मात्र त्यांचा हात सवयीवर गेला. राजाला डोळे गणपतीचे काढले. बाबेलचा राजा इतका मायाळू जन्मात दिसला नसेल.

मी धीर करून अण्णांना पावलांचं सांगितलं. अण्णा माझ्याकडे कौतुकानं बघून हसले. "सूनबाई, लोखंड आणि माती एकजीव होत नाही. शास्त्रात स्पष्ट आहे."

मग मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी जरा विचार केला.

"दाजींनी शास्त्र वाचलेलं नसणार," हे म्हणाले.

*

सणाच्या दिवशी चर्चचं आवार भरलेलं. देवाला वाहिलेले केळीचे घड, भोपळे, नारळ, सगळ्यांचा लिलाव झाला, आणि मग मंडळी, दाजींनी आदल्या दिवशी हातगाडीवरून आणून आवारात रोवलेल्या पुतळ्याकडे वळून बसली. दाजी नवा सदरा घालून आले होते. पाळकसाहेब पहिल्या खुर्चीवर. गाण्याची मुलं गिटार घेऊन मागच्या खोलीच्या दारातच उभी होती. सामान हलवायला आल्यासारखी.

धोंड्याचं काम शांतवनकाकांकडे. नदीतला काळा धोंडा त्यांना उचलेना, म्हणून सड्याच्या कातळावरून जाळीदार, हलक्या जांभ्या दगडाचा एक गोल धोंडा आणला होता. चर्चच्या पायऱ्यांवरून खाली फळी लावलेली, फळीच्या डोक्याला धोंडा धरून काका बसलेले.

अण्णा उभे राहिले. बोलायला लागले आणि सगळं आवार गप्प झालं. बाबेल आलं आणि गेलं. पारस आलं आणि गेलं. मार्थाबाईंनी हिंदुस्थान कुठं येतो ते शेजारणीला दाखवलं. ग्रीक गेले. रोमचं वर्णन करताना तर पाळकसाहेबसुद्धा खुर्चीत पुढे सरकले. मी पहिल्यांदाच अण्णांचा वर्ग असा भरलेला बघत होते, आणि मला वाटलं, राहिला. वर्ग राहिला.

"आणि मग," अण्णांनी काठी वर केली, "मनुष्याच्या हातानं न घडवलेला तो धोंडा..."

काकांनी धोंडा सोडला. "जाऊ द्या," असं तोंडानं म्हणालेसुद्धा, जुन्या सवयीनं.

धोंडा फळीवरून गडगडत आला. बायकांनी मुलं मागे ओढली. धोंडा बरोबर पावलांवर आदळला आणि त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा भोपळ्यांत गेला, दुसरा पाळकसाहेबांच्या बुटापाशी येऊन थांबला.

पुतळा उभा. मायाळू डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत.

दाजी तेवढे उठले, आणि चारी बाजूंना वळून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. गाण्याच्या मुलांतल्या एकानं गिटारची तार छेडली.

आईंनी पदर तोंडाला लावला होता. मी अण्णांकडे बघितलं. ते पुतळ्याकडे बघत होते, मग धोंड्याच्या तुकड्यांकडे, मग दारात उभ्या असलेल्या त्या मुलांकडे. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले,

"मंडळी, हा शेवटचा भाग अजून घडायचा आहे. मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय?"

पाळकसाहेब उठले. पुतळ्याजवळ गेले. एका हातानं ढकलून बघितलं. मग दोन्ही हातांनी. मग कोट काढून शांतवनकाकांकडे दिला आणि खांदा लावला.

थोड्या वेळानं ते कपाळ पुसत वळले. "गुरुजी, म्हणजे हा पडेपर्यंत वर्ग..."

"बुधवारी," अण्णा म्हणाले. "नेहमीच्या वेळेला."