गुण आला जी

वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, त्या सुमारास मी अमरावतीच्या एका दवाखान्यात दुभाष्याचं काम शिकत होते. तिथली डॉक्टरीणबाई मद्रासकडची. तिला तमिळ आणि इंग्रजी येई, पेशंटांना फक्त वऱ्हाडी. मधे आम्ही दोघं: मी, नुकती मॅट्रिक झालेली वकिलाची मुलगी, आणि एक पेन्शनर मास्तर.

मास्तर पेशंटचं बोलणं आधी शुद्ध करून घेत आणि मग सांगत. तोवर पेशंटची कळ थांबलेली असे. माझं नेमकं उलटं. वडिलांच्या पक्षकारांची रडगाणी ऐकत वाढल्यामुळे मला मुद्द्याशिवाय काही ऐकवत नसे. म्हातारीने पाऊण तास सांगितलेलं दुखणं मी ‘पोट दुखतं’ एवढ्यात उरकून टाकायची. शेवटी डॉक्टरीणबाईने दोघांना समोर बसवून नियम घालून दिला: खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मला सांगायचं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. सासू मधे बोलली तर तेही सांगायचं. मला हा शुद्ध बावळटपणा वाटला, पण मी मान डोलावली.

आम्ही नियम पाळायला लागलो आणि सगळे पेशंट बरे व्हायला लागले. बाई विचारी, औषधाचा गुण आला का? उत्तर ठरलेलं: “आला जी.” मी ते इमानदारीने इंग्रजीत सांगे आणि बाई खूश होई. आठ दिवसांनी तेच लोक पुन्हा रांगेत. तिला कोडं पडलं. मला नाही पडलं. आमच्याकडे कोणी मायेने काही दिलं, तर ते लागू पडलं नाही असं तोंडावर सांगत नाहीत. भाजी खारट झाली तरी पाहुणा दुसऱ्यांदा वाढून घेतो. पण हे कोणी खोलीत बोललं नव्हतं, म्हणून मीही बोलले नाही. तेवढी मी हट्टी होतेच.

मग अंजनगावकडची एक मावशी आली, तिची तिसरी खेप. बाहेर बाकावर ती शेजारणीला सांगत होती की खोकताना रक्त पडतं. आत आली, पदर सावरला आणि म्हणाली, “लय गुण आला जी.” बाईने औषध बंद करायला कागद पुढे ओढला.

“मावशी, बाहीर तर तुमी रक्त पडते म्हनत होत्या,” मी म्हटलं.

“हळू बोल. तिले कायले दुखवू? लेकरू एवढ्या दुरून आलं, आपलं मानूस जवळ नाही. दवाई फुकट गेली म्हनून रडत बसन बिचारी.”

हे खोलीत बोललं गेलं होतं. मी सगळं सांगितलं, ‘बिचारी’सकट.

डॉक्टरीणबाईने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. “तिला सांग,” ती म्हणाली, “घरी माझी आई सारखी तक्रारी करते. इथे कोणीच करत नाही, म्हणून मला करमत नाही.”

“मंग आयक,” मावशी म्हणाली आणि सुटलीच. दोन महिन्यांपासून रक्त पडतं, संध्याकाळी ताप भरतो, दवाईला रॉकेलचा वास येतो, बाहेरच्या बाकाचा खिळा टोचतो, आणि ही डॉक्टरीण इतकी वाळली आहे तर जेवते का नाही. मी खिळासुद्धा गाळला नाही. बाई सगळं लिहून घेत होती. त्याच दिवशी छातीचा फोटो काढला आणि मावशीला खाट मिळाली.

संध्याकाळी बाई खाटेपाशी आली तेव्हा मावशीने मला जवळ ओढलं. “हे नको सांगू तिले,” ती पुटपुटली. “मले लय भेव लागून राहिलं.”

मी सांगितलं. बाईने स्टूल ओढलं, खाटेशी बसली आणि तिचा हात हातात घेतला. मावशी माझ्याकडे रागाने बघत राहिली, पण हात काही तिने सोडवून घेतला नाही.