बाजाराची पिशवी आणि सात कॉम्प्युटर

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मुलगी बारावी झाली आणि तिचा नर्सिंगचा फॉर्म तिच्या चुलतभावानं दौंडच्या नेट कॅफेत जाऊन भरला. आमच्या खुटबावात रीतच होती: फॉर्म मुलीचा, पण ई-मेल आणि मोबाइल नंबर घरातल्या पुरुषाचा. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आधी कबूल करते.

जागा मिळाल्याचा मेल त्या चुलतभावाच्या खात्यात आला. हजर व्हायला मुदत तीन दिवसांची. तो मित्राच्या लग्नाला गेला होता. मेल उघडला पाचव्या दिवशी. जागा गेली. आता प्रवेशाची एकच फेरी उरली होती, आणि घरात दोन स्थळं येऊन बसली होती.

मुलगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "आये, माझं पत्र दुसऱ्याकडं कशाला जातं?"

मी तिला कॅफेत न्यायचं म्हटलं, तर हे म्हणाले, "तिथं पोरं बसत्यात, पडदं लावून. पोरीचं काय काम?"

मी वाद घातला नाही. बाजाराच्या दिवशी बाई पिशवी घेऊन निघाली, की कुठं चाललीस म्हणून कुणी विचारत नाही. पिशवी घेतली, मुलीला घेतलं आणि दौंड गाठलं.

कॅफेत सात कॉम्प्युटर. मला मोजायची सवय आहे. सहा खुर्च्यांवर मुलगे, सातवी रिकामी. ती तिथं बसली. मी शेजारी स्टुलावर, मांडीवर मेथीची जुडी.

पलीकडून एक जण म्हणाला, "मावशी, मेथी डाउनलोड केली का?"

"न्हाई रं. तुझ्या आईचा फोन नंबर दे. तू पडद्याआड काय बघतोस ते तिला कळवते."

बाकीचे पाच हसले. त्यानं गपचूप पडदा बाजूला सारला.

कॅफेवाला मदतीला आला. "पासवर्ड सांगा, मी टाकतो."

मुलगी म्हणाली, "मीच टाकते. तुमी तिकडं बघा."

तो वळला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मीही तोंड भिंतीकडं केलं. एकेक अक्षर शोधत तिला अकरा मिनिटं लागली, भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. ई-मेलचं खातं तिच्या नावाचं झालं. दुसऱ्या फेरीच्या फॉर्मवर तिनं तेच लिहिलं.

घरी येताना माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले. बाजार सात दिवसांनी, मुदत तीन दिवसांची. पिशवीच्या भरवशावर राहिलो, तर ही जागाही जाणार होती. त्या संध्याकाळी ह्यांना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, "तिला दिवसाआड जावं लागंल. मला दर खेपेला जमायचं न्हाई. ती एकटी जाईल."

"आन् लोक?"

"लोकांनी तिची पयली जागा परत आणून दिली का?"

ह्यांनी मुलीला हाक मारली. मग विचारलं, "दौंडची शटल गाडी कवा हाय?"

तिला वेळ पाठ होती.

ती तीनदा गेली आणि रिकामी परतली. चौथ्या खेपेला मी अंगणात ज्वारी निवडत होते. ती स्टेशनकडून आली, धावत नव्हे, नेहमीच्या चालीनं.

"आये, नाव लागलं. परवापर्यंत हजर व्हायचंय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मीच वाचलं."

हे आतून बाहेर आले आणि तिला म्हणाले, "परत सांग." तिनं परत सांगितलं. संध्याकाळी पारावर ह्यांनी ते निदान चौघांना ऐकवलं, "सोता वाचलं पोरीनं," असं.

दिवाळीच्या बाजाराला दौंडला गेले तेव्हा कॅफेच्या दारातून सवयीनं मोजलं. सातपैकी तीन खुर्च्यांवर मुली होत्या. आमची त्यांत नव्हती, ती होस्टेलवर होती. तिघींपैकी एकीच्या पायाशी बाजाराची पिशवी होती. दोघींजवळ काहीच नव्हतं.