लिपुओची आई

आमच्या बासोथो लोकांत सून घरात आली की सासरचे तिला होणाऱ्या पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारू लागतात. म्हणून ती मालिपुओ, म्हणजे लिपुओची आई. लिपुओ काही जन्मली नाही. नवरा खाणीत गेला आणि तिकडेच मेला. नाव तेवढं उरलं.

धबधब्याच्या वर, ओढ्याकाठी ती एकटी राहते. तिथल्या डोहात बोटाएवढे मासे आहेत. खालचे सगळे गोऱ्यांनी आणून सोडलेल्या ट्राउटने खाऊन संपवले. ट्राउटला धबधबा चढता येत नाही, म्हणून वरचे वाचले.

परवा माझा दीर खाबेले बादलीत दोन जिवंत ट्राउट घेऊन वर आला. मी सोबत होतेच.

"मावशी, हे डोहात सोडतो. वाढले की दारातच जेवण!"

तिने बादली हिसकावली आणि गवतावर पालथी केली.

"डोकं फिरलं का तुझं? तुझ्यासाठीच आणले होते!"

"मग तव्यात टाकू. डोहात लेकरं आहेत."

"कुणाची? तुझी?" खाबेले फटकन बोलला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

तिने मासे तळून, मक्याच्या घट्ट पिठल्याबरोबर आम्हा दोघांना वाढले. स्वतः काही घेतलं नाही.

आम्ही उतरणीला लागलो, तेव्हा ती भांड्याची खरवड घेऊन डोहाशी बसली होती. मागून तिचा आवाज आला, "लिपुओ, ये गं, जेवून घे."