रोहिणीनं मागे घेतलेला शोध

रोहिणी मॅडम आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, तासिका तत्त्वावर. मी तिथंच मराठी शिकवतो. इंदापूर स्टँडपासून कॉलेजपर्यंतची वाट एकच, त्यामुळं ओळख झाली. त्यांची हकिकत मात्र मला दोन वर्षांत तुकड्यातुकड्यानं कळली. विज्ञानातलं काही चुकलं तर ते माझं समजावं.

रोहिणी निमगाव केतकीची. वडील सोपानराव यांचा पाऊण एकराचा पानमळा, आई बनाबाई. वडलांना ती तात्या म्हणायची. घरात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. बारामतीच्या एका कॉलेजात एम.एस्सी. झाली आणि तिथंच विजयसिंह सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला लागली. विषय कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवायच्या डबीचा. बॅटरी सावकाश भरते आणि काही वर्षांत दमते. ही डबी मिनिटात भरते, लाखभर वेळा भरली-उपसली तरी टिकते. पण तिच्यात वीज मावते थोडी. आत एक द्रव लागतो. महागडे द्रव पेट घेतात. पाण्यात मीठ विरघळवून केलेला द्रव स्वस्त आणि निर्धोक, पण व्होल्टेज जरा चढवलं की पाणीच फुटतं आणि बुडबुडे सुटतात. पाणी न फुटता व्होल्टेज चढवायचं, एवढ्यासाठी जगभर माणसं झटताहेत. रोहिणी त्यांतली एक.

डबीतल्या पट्ट्यांसाठी तिनं उसाच्या चिपाडाचा कोळसा केला. पाण्यात पोटॅशियम अ‍ॅसिटेट नावाचं साधं मीठ घातलं, आणि त्यात बाभळीचा डिंक. डिंक पाण्याला धरून ठेवील, ही कल्पना तिची स्वतःची.

"आन् ह्याचा आपल्याला काय उपेग?" तात्यांनी एकदा विचारलं होतं.

"तुमच्या फवारणीच्या पंपाची बॅटरी सारखी बसते ना? तिथं हे बसंल. चहा पिऊस्तवर चार्ज."

तात्यांनी ते मनात धरलं.

तिसऱ्या वर्षी, एप्रिलात, तिचा सेल, म्हणजे ती डबी, दोन पूर्णांक दोन व्होल्टवर सलग कित्येक दिवस चालला. पाण्यातल्या सेलला हे फार झालं. विजयसिंह सरांनी तीनदा आलेख पाहिला आणि पेढे मागवले. परदेशी नियतकालिकात शोधनिबंध छापून आला. पेपरात फोटो आला, ग्रामपंचायतीनं साडी-नारळ देऊन सत्कार केला, चौकात फ्लेक्स लागला. आठवडी बाजारात तात्या पानांची टोपली बाजूला सारून लोकांना सांगत बसायचे, "पाण्यात वीज साठवती माजी पोर. पंप बी निघणार हाय."

पावसाळ्यात सांगवीची उत्कर्षा नावाची नवी मुलगी लॅबमध्ये आली. तिला रोहिणीचाच प्रयोग पुढं न्यायचा होता. महिना झाला तरी तिचा सेल एक पूर्णांक सहाच्या वर जाईना; बुडबुडे यायचे.

"ताई, माझंच काहीतरी चुकतंय," ती रडवेली होऊन म्हणाली.

रोहिणी तिच्या शेजारी बसली. प्रत्येक पायरी स्वतःच्या हातानं केली. एक पूर्णांक सहा. पुन्हा केलं. तेच.

मग तिनं उन्हाळ्यातले जुने सेल कपाटातून काढले आणि वजन केले. झाकण बसवतानाचं वजन वहीत लिहिलेलं होतं. एकूण एक सेल हलका भरला. लॅब वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. एप्रिल-मेमध्ये दिवसभर वीज नसायची; यंत्रं इन्व्हर्टरवर चालायची, पंखे बंद. उष्म्यानं झाकणाची रबरी रिंग सैल पडली होती आणि आतलं पाणी हळूहळू उडून गेलं होतं. उरलं होतं ते दाट मिठाचं पाणी. मीठ दाट झालं की मोकळं पाणी कमी उरतं आणि ते लवकर फुटत नाही, हे इतरांनी आधीच दाखवलेलं होतं.

खात्रीसाठी तिनं डिंक न घालता एक सेल केला, झाकण सैल ठेवलं आणि ओव्हनमध्ये मंद उष्णतेवर ठेवला. चौथ्या दिवशी तो दोन पूर्णांक दोनवर चालला. डिंकाचा काही संबंधच नव्हता.

"मी तिथंच स्टुलावर बसून राहिले," मॅडम मला म्हणाल्या. "उत्कर्षानं डबा उघडून समोर ठेवला. मी तो झाकून तिला परत दिला."

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"रोहिणी, असे शेकडो निबंध पडून असतात. कोण तपासतंय?"

"उत्कर्षानं तपासला, सर."

"तुझी फेलोशिप संपत आलीय. प्रबंधातली दोन प्रकरणं यावर उभी आहेत. काय राहील मग?"

"काही नाही राहणार."

"मग गप्प राहा. मी तुला पाप करायला सांगत नाहीये. गप्प राहा म्हणतोय फक्त."

तिनं आठ दिवस वाट पाहिली, मग संपादकांना पत्र लिहिलं. सरांनीही शेवटी सही केली, पण त्यानंतर तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. निबंध मागे घेतला गेला. फेलोशिप संपली, प्रबंध अर्धाच राहिला. बी.एड. आधीच झालं होतं, म्हणून इंदापूरला तास मिळाले.

सगळ्यांत अवघड होतं तात्यांना सांगणं. ते मळ्यात वेल बांधत होते.

"पाणी उडालं, त्यात तुजा काय दोष?" ते म्हणाले.

"दोष नाही. पण मी लिहिलं ते खरं नव्हतं."

"कुणाला कळलं हुतं का?"

"मला कळलं होतं, तात्या."

त्यांनी हातातला वेल सोडला. "अगं, पर एवढ्या लोकांत मी सांगून बसलो. आता काय तोंड दावू?" एवढं बोलून ते वाफ्यातून पलीकडं गेले. ती बांधावर उभी राहिली. ते मागं वळले नाहीत.

पुढं घरात बोलणं होई ते जेवायला वाढण्यापुरतं. ते बाजारात जायचं टाळू लागले, पानं भावकीतल्या गेणबाच्या हाती पाठवू लागले. पुढच्या भाद्रपदात मळ्यातच कोसळले. इंदापूरच्या दवाखान्यात दोन दिवस होते, शुद्धीवर आलेच नाहीत. रोहिणी उशाशी बसून बोलत राहिली. काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही.

दहाव्याला नदीवर बरीच माणसं जमली होती. तात्यांच्या ओळखीचे एक म्हातारे तिच्याजवळ आले.

"पोरी, त्यो पंप कवा निघणार? सोपानराव मागच्याच महिन्यात म्हनलं, काम चालू हाय, सरकारी कागदात अडकलंय."

तिनं म्हाताऱ्यांकडं पाहिलं. जी गोष्ट लपवायला नको म्हणून तिनं सगळं सोडलं होतं, ती बापानं तिच्यासाठी वर्षभर लपवली होती. लाजेनं की मायेनं, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

"मग काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"म्हटलं, चालू आहे काम." मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी मलाही खरं बोलता आलं नाही."

उत्कर्षा अजून त्याच लॅबमध्ये आहे. निराळं मीठ, पक्की झाकणं, कमी व्होल्टेज. पण जे आहे ते टिकाऊ. तिच्या पहिल्या निबंधात शेवटी आभाराची एक ओळ आहे, त्यात रोहिणीचं नाव आहे. मॅडमनी तो मला फोनवर दाखवला आणि लगेच बंद केला.

पानमळा राहिला नाही. वेल खाली उतरवून पुन्हा मातीत पुरायला माणूस मिळेना, एक हंगाम चुकला आणि वेल वाळले. बनाबाई आता लेकीजवळ इंदापूरला असतात. तिथं त्यांचं मन लागत नाही. शनिवारी अर्ध्या दिवसानं कॉलेज सुटलं की मॅडम त्यांना एसटीनं गावाकडं नेऊन आणतात. मोकळ्या रानात दोघी बसतात, शेजारच्या पेरूच्या बागेतल्या बायका चहा आणून देतात, आणि साडेपाचच्या गाडीनं दोघी परत येतात.