कोऱ्या पानाखालची सही

आईचं नाव भिंतीवर होतं आणि नावाखालच्या खुर्चीत शेठ बसले होते.

निळी पाटी, पांढरी अक्षरं, आईचं पूर्ण नाव, पुढे 'सरपंच'. पाटीखाली शेठ, पाय लांब करून. शेठ उपसरपंच. त्याआधी स्वतः दोनदा सरपंच. आमच्या गावातली निम्मी गोडाऊनं त्यांच्या जमिनीवर उभी आहेत. आई समोरच्या बाकावर होती. दाखला मागायला येणारी माणसं बसतात, त्या बाकावर. मी तिच्या शेजारी, मांडीवर परीक्षेच्या नोट्स.

"काय शिकतंस गो पोरी?" शेठनी विचारलं.

मी खाली बघत सांगितलं, वेगवेगळ्या देशांचे कारभार ताडून बघायचे, असा विषय आहे.

"मंग आपल्या गावचा कारभार कंच्या देशावानी हाय?"

उत्तरही त्यांनीच दिलं. "इंग्लंडावानी. राणी हाय ना आपल्याकडं." आणि आईकडे हनुवटी केली.

सगळे सदस्य हसले. ग्रामसेवक, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणतं, तेही हसले. आईसुद्धा हसली. तेच मला सहन झालं नाही. हसली नसती तर तिचं चुकलं असतं, म्हणून हसली.

आमच्या गावचं सरपंचपद बौद्ध बाईसाठी राखीव झालं, तेव्हा शेठच आमच्या दारात आले होते. आई बचत गटात होती, कुणाशी भांडत नव्हती, म्हणून तिला उभं केलं. गावाने तिला मतं दिली. बाबा शहरात, निजामपुऱ्यात, कापडाचे लूम दुरुस्त करतात. निकालाच्या दिवशी ते ड्युटीवर गेले नाहीत. दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पेढा देत होते.

पहिल्या मीटिंगला आईने मला कॉलेजात फोन केला. ती दबक्या आवाजात विचारत होती. ठरावाच्या वहीचं पान कोरं आहे, खाली सही कर म्हणतात, मजकूर मागाहून लिहू म्हणतात. करू का?

मी म्हणाले, "आई, मिनिट्स नंतरच लिहितात. सगळीकडे असंच असतं. कर."

इंग्रजी शाळेत शिकलेली मी. आमच्या घरातली शहाणी मीच. 'मिनिट्स' हा शब्द मला माहीत होता. शेठ माहीत नव्हते.

मग एका सकाळी आमच्या वस्तीमागे गोडाऊनची भिंत उठली. स्मशानाकडे जाणारी वाट भिंतीच्या आत गेली. त्याच आठवड्यात शेजारची म्हातारी वारली. तिला आम्ही कंटेनरच्या रांगेतून, हायवेच्या कडेने नेलं. हॉर्न वाजत होते. परत येताना तिच्या सुनेने आईला विचारलं, "तुजीच सही हाय ना त्याच्यावर?"

आईची होती. मी त्या पहिल्या मीटिंगच्या ठरावाची नक्कल काढून आणली. 'वाट वापरात नसल्याने गोडाऊनला सर्वानुमते ना हरकत.' खाली आईचं नाव, एकेक अक्षर सुटं, जपून काढलेलं. त्या रात्री आई जेवली नाही. मला काही बोललीही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता आमच्या वस्तीतल्या विहारापुढचं मैदान उरलं होतं. दोन माणसं टेप धरून ते मोजून गेली होती. आणि आज पुन्हा मीटिंग होती. म्हणून मी आईबरोबर आले होते. बोलायला नाही. बोलणं मला जमत नाही. वर्गात हजेरीसुद्धा मी दोनदा द्यायचे, पहिल्यांदा आवाज पोचायचा नाही.

हसणं संपल्यावर मी नोट्स उघडल्या. आमच्या मॅडम सांगायच्या, तुलना म्हणजे सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा. मी तक्ता केला होता. निर्णय कोण घेतं? त्याला कुणी निवडलं? जाब कोण देतं? इंग्लंड, अमेरिका, चीन, तीन रकाने भरलेले. शेजारी समासात मी आमचं गाव लिहिलं.

निर्णय शेठ घेतात. त्यासाठी त्यांना कुणी निवडलं नाही. जाब आई देते.

इंग्लंडात नावापुरता जो प्रमुख असतो त्याला कुणी निवडलेलं नसतं, आणि जाबही कुणी विचारत नाही. जो कारभार करतो, त्याला सभागृहात उभं करून विचारतात. म्हणजे आम्ही इंग्लंड नव्हतो. आमच्याकडे निवडून आलेली बाई बाकावर होती आणि तिच्या नावाखाली दुसराच बसला होता. ज्या विषयावर मला गुण मिळायचे, तो विषय माझ्या आईवर इतके महिने घडत होता आणि मी पुस्तकात देश शोधत होते.

भाऊसाहेबांनी वही उघडली. नवं पान. वर सगळं कोरं, अगदी खाली पेन्सिलची फुली. आईने सवयीने सही केली.

मी तिच्या हातातलं पेन घेतलं. परीक्षेत पर्यवेक्षक बजावतात, रिकामी जागा रेघ मारून बंद करा. मी पानाच्या वरच्या कोपऱ्यापासून आईच्या सहीपर्यंत तिरकी रेघ ओढली. मग दुसरी, उलट बाजूने.

"ए, सरकारी वही हाय ती!" भाऊसाहेब उठले. "गुन्हा लागंल."

माझ्या तोंडून आवाज आला नाही. आईचा आला.

"रेघ माजी समजा." तिने पेन घेतलं आणि रेघेवर सही केली. "आदी लिवा, मंग वाचून दाखवा, मंग मी सही करीन."

कुणी हसलं नाही. शेठ शांतपणे म्हणाले, "अविश्वास ठराव म्हाईत हाय ना गो, शिकलेली तू?"

माहीत आहे. सदस्य त्यांचे आहेत, ठराव आणतील. पण शेवटी तो ग्रामसभेत, गावापुढे यावा लागतो, हेही मी वाचलं आहे. कदाचित आम्ही हरू. वाट तर गेलीच, ती माझ्या 'कर' या एका शब्दाने गेली. ते मी कुणावर ढकलणार नाही.

त्या ग्रामसभेत मी उभी राहणार आहे. हाताशी ठरावाची नक्कल असेल आणि तक्त्यातले तीन प्रश्न. सगळ्या गावासमोर शेठना नाव घेऊन विचारणार आहे, एकेक करून. आवाज पोचला नाही तर पुन्हा विचारीन. मैदानावर खोदायचं मशीन आलं तर विहारापुढे उभी राहून तेच विचारीन. आणि यापुढे त्या वहीत आईच्या सहीच्या वर एक ओळही कोरी सुटणार नाही.