आरतीतली मोकळी जागा

चतुर्थीला आमच्या कोरगावात घुमट-आरती करणारी मंडळी घरोघर जातात. मी त्यात कासाळं वाजवतो, म्हणजे मोठ्या झांजा. घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं वाद्य, माझ्या हाती द्यायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही. पहिली ओळ उचलायचे ते माझे काका. त्यांचा आवाज चढला की पलीकडच्या वाड्यावर कळायचं, आरती सुरू झाली.

त्या वर्षी काकांचा घसा बिघडला. डॉक्टर म्हणाले, उपचार सुरू झाले की वरच्या पट्टीला रामराम ठोका. काका म्हणाले, "गळो गेलो तर जांवदे, आवाज घराघरात रवाक व्हयो." तेव्हा अल्बम काढायचं ठरलं.

आधी शहरातल्या एका कंपनीला विचारलं. फोनवरच्या साहेबांना आरती आवडली, फक्त घुमटाऐवजी कीबोर्ड हवा होता, आरती अर्ध्यावर आणायची होती आणि पुढे ती कुठेही वाजवायची तर त्यांची परवानगी लागणार होती. काका उसळले. "आमचीच आरती आमी तेका इचारून म्हणूची?" मीही फोनवर चार शब्द जास्तच बोललो, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

म्हापशाच्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही स्वतःच रेकॉर्डिंग केलं आणि पेन ड्राइव्ह भरले. विकायचे कसे? आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, रोज सकाळी सायकलवर हॉर्न वाजवत प्रत्येक दारात जातो. तो म्हणाला, माझ्याकडे द्या. उंड्यांच्या टोपलीत, प्लास्टिकखाली, आमचा अल्बम कोरगावभर फिरला. लोक पाव घेताना आरतीही घेत होते. इतकं ताजं संगीत दुसऱ्या कुणी विकलं नसेल!

तिसऱ्या दिवशी पोदेरच तक्रार घेऊन आला. "लोक म्हणतत, गाणा मदीच थांबता." आम्ही पेन ड्राइव्ह लावला, या वेळी तोंड मिटून ऐकला आणि कपाळाला हात लावला. काका ओळ म्हणत होते आणि मग नुसतं घुमट. पालुपद कोणीच धरलं नव्हतं. घरोघरच्या आरतीत पालुपद घरची माणसं म्हणतात, आम्ही वाजवणारे तेवढ्यात दम खातो. स्टुडिओतही सवयीने दम खाल्ला. रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं, ही आमची पद्धतच. आणि नंतर ऐकताना ती जागा आली की आम्हीच मोठ्याने पालुपद म्हणत होतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी हसून हसून बेजार झालो.

काकांना मात्र ते फार लागलं. "म्हाताऱ्याची ओळ कोण धरीना, असा लोक म्हणतले." चतुर्थीला मी कुणाच्या दारात येणार नाही, म्हणून रुसून बसले. उपचार सुरू होऊन आवाज खरखरीत झाला होता, तो दुसऱ्यांना ऐकवायचा नव्हता हेही होतंच. मला त्यांचं वाईट वाटत होतं आणि रागही येत होता.

चतुर्थीला मी त्यांना जवळजवळ ओढतच शेजारच्या घरी नेलं. ते चपलांपाशीच थांबले. ओळ कोण उचलणार, या विचाराने आम्ही एकमेकांकडे बघत होतो. एवढ्यात घरच्या वहिनींनी म्युझिक सिस्टिमचं बटण दाबलं. "काकांचो आवाज आमी घेवन ठेवलेलो आसा," त्या म्हणाल्या. काकांची ओळ घरभर घुमली. ती संपली मात्र, आणि मोकळ्या जागेत अख्खं घर तुटून पडलं. पोरं, सुना, जावई, सगळे एका दमात. घरात रोज तालीम चाललेली दिसत होती. आम्ही धावत धावत घुमट जुळवून घेतलं.

मागे बघितलं तर काका उंबऱ्याच्या आत आले होते. पुढची ओळ स्पीकरवर संपली आणि पोरांच्या मागे उभं राहून त्यांनी खालच्या आवाजात पालुपद धरलं, स्वतःच्याच ओळीचं. जन्मभर पुढे गायलेल्या माणसाने पहिल्यांदाच.

आरती संपल्यावर ते माझ्या कानाशी आले. "माका आजवर कोणी सांगूकच नाय," ते म्हणाले, "पालुपदात इतकी मजा आसा म्हणान."